सोपाऱ्याचे दोन धर्मलेख आणि व्यायामाची हाक

अशोकाच्या धर्मलेखांकडे आमच्याकडे बहुधा इतिहासाचें साधन म्हणूनच पाहण्यांत येतें. राजाचा काळ कोणता, राज्याची सीमा कोठवर, लिपि कोणती, एवढे प्रश्न सुटले कीं पंडितांचें समाधान होतें. परंतु हे लेख मुळांत लोकांस वाचून दाखविण्यासाठीं रचलेले आहेत. त्यांत एक बोलणारा आहे, त्याचा एक स्वभाव आहे, आणि ऐकणाऱ्याचें मन वळविण्याची त्याची एक खास रीत आहे. ज्याला आपण निबंध म्हणतों त्याचीं बहुतेक लक्षणें या दगडांवर सांपडतात. तेव्हां वाङ्मय म्हणून त्यांची परीक्षा करण्यास हरकत नसावी. आणि ती करावयाची तर आमच्या अगदीं उंबरठ्यावर सांपडलेल्या दोन लेखांपासून कां करूं नये?

वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत आज जें नालासोपारें आहे, तेंच प्राचीन शूर्पारक. येथील एका उंचवट्यास गांवचे लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं तो खणला, तेव्हां आंत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटांत दगडी करंडा, त्यांत तांब्याचा, मग रुप्याचा, असे एकांत एक करंडे, आणि शेवटीं सोन्याच्या करंड्यांत मातीच्या भांड्याच्या खापऱ्या! त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या असाव्यात असें पंडितांचें अनुमान होतें. सोन्याच्या डबींत मातीची खापरी जपून ठेवणाऱ्या लोकांची किंमत करण्याची तऱ्हा आपल्याहून निराळी होती, एवढें तरी त्यावरून दिसतें. त्याच सालीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यास मिळाला. पुढें १९५६ सालीं जवळच्या भुईगांवास नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. मूळचे चौदाही लेख येथें असावेत असा विद्वानांचा तर्क आहे. पण काळाच्या तडाख्यांतून आठवा आणि नववा एवढेच वांचले, आणि हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. आठव्यांत राजानें आपल्या व्यायामाचें काय केलें तें सांगितलें आहे, आणि नवव्यांत लोकांनीं आपल्या उत्सवांचें काय करावें तें. व्यायाम आणि उत्सव या दोहोंचीच आज शहरांत सर्वांत मोठी गर्दी असते.

आठव्या लेखाचा आशय थोडक्यांत असा. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात. तींत शिकार आणि तत्सम करमणुकी असत. अभिषेकास दहा वर्षें झाल्यावर प्रियदर्शी राजा संबोधीस, म्हणजे बुद्धगयेस, गेला. तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाली. तींत ब्राह्मण-श्रमणांचें दर्शन आणि त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना द्रव्यसाह्य, खेड्यापाड्यांतील लोकांच्या गांठी, धर्माविषयीं उपदेश आणि विचारपूस, हीं कामें होतात. लेख एवढाच आहे. परंतु त्यांतील त्यागाचें मोल कळावयास शिकारीची त्या काळची थोरवी ठाऊक पाहिजे. कौटिल्यानें राजाच्या व्यसनांची चर्चा करतांना मृगयेची बाजू घेतली आहे, ती व्यायामाच्याच आधारावर: कफ, पित्त, मेद हटतात, घाम निघतो, हलत्या व स्थिर लक्ष्यावर नेम बसतो. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांतील सेनापति दुष्यंताच्या कृश पण कणखर देहाकडे पाहून जवळ जवळ हेंच प्रवचन करतो. आणि तेथेंच विदूषकाचे सांधे त्याच मृगयेपायीं दुखत असतात! कालिदासाचें कौशल्य असें, कीं तो दोघांनाही बोलूं देतो. म्हणजे मृगया ही राजवर्गाची केवळ चैन नव्हती. ती त्यांची शास्त्रमान्य तालीम होती, आणि अशोकानें ती टाकली.

येथें सामान्य वाचकाची अपेक्षा अशी, कीं आतां राजा वैराग्याची भाषा बोलेल. लेख तसें करीत नाहीं. राजा म्हणतो कीं या नव्या यात्रेंत त्याला अधिक रति वाटते. मूळचा शब्दच रति आहे. शिकार पापमय, देह क्षणभंगुर, सुख मिथ्या, यांतलें एकही वाक्य नाहीं. एका सुखाच्या जागीं दुसरें, त्याहून मोठें सुख ठेवलें आहे. आणि गंमत अशी कीं अंगाचे श्रम कमी झालेलेच नाहींत. गांवोगांव हिंडणें, म्हाताऱ्यांपाशीं जाणें, परक्या लोकांत बसून त्यांचें ऐकणें, यांत काय घाम गळत नाहीं? घाम तोच राहिला, फक्त त्याचा रोख बदलला. एवढ्या लहान लेखांत एवढा मोठा पालट इतक्या साध्या शब्दांत सांगितलेला आम्हीं फारसा पाहिला नाहीं.

नववा लेख याहून गुंतागुंतीचा आणि आमच्या मतें अधिक मार्मिक आहे. लोक आजारपणांत, मुलामुलींच्या लग्नांत, अपत्यजन्माच्या वेळीं, प्रवासास निघतांना तऱ्हेतऱ्हेचीं मंगलें करतात, असें राजा म्हणतो. यादींत पहिलें नांव आजारपणाचें आहे. देहाची धास्ती ही सगळ्या विधींची जननी, हें त्यानें बरोबर हेरलें. असलीं मंगलें करावीं खरीं, पण त्यांचें फळ थोडें. धर्ममंगलाचें फळ मोठें. तें धर्ममंगल कोणतें? दास आणि चाकर यांच्याशीं नीट वागणूक, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयीं संयम, श्रमण-ब्राह्मणांस दान. ज्या घरांत मंगलकार्य निघालें त्या घरांतला चाकर त्या दिवशीं किती राबतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला या यादींतील पहिल्या कलमाचें मर्म समजेल. उत्सवाची परीक्षा राजानें देवघरांत केली नाहीं, ती मागच्या दारीं नेली.

या लेखांत एक डागही आहे. बायकाच क्षुद्र आणि निरर्थक विधि फार करतात, असा शेरा राजानें मारला आहे. आजाऱ्याच्या उशापाशीं रात्रभर कोण बसतें, बाळंतपणाचें मरण कोणाच्या वांट्यास येतें, याचा विचार त्यानें केलेला दिसत नाहीं. ज्याच्या हातीं दुसरा उपाय नाहीं त्यानें मंगलसूत्राला गांठ मारली तर तिला हंसणें सोपें असतें, विशेषतः ज्याच्या पदरीं राजवैद्य आहेत त्याला. तसेंच अशोक हा प्रचाराच्या आतषबाजीपासून अगदीं अलिप्त होता असेंही कोणी समजूं नये. पहिल्या लेखांत तो जत्रांवजा समाजांत दोष पाहतो, आणि चौथ्या लेखांत विमानें, हत्ती व अग्निज्वाळा यांचे देखावे लोकांस दाखविल्याचें अभिमानानें सांगतो. मोहिमा काढणाऱ्या सर्वच राजांना हा मोह होतो. मात्र त्याच्या दुसऱ्या लेखांत माणसांसाठीं व जनावरांसाठीं औषधोपचार, औषधी वनस्पतींची लागवड, वाटेवर विहिरी आणि झाडें यांची नोंद आहे. उपदेश एका लेखांत आणि सावली दुसऱ्या लेखांत, अशी त्याची मांडणी आहे.

आतां आजच्या हाकेकडे वळूं. २०१५ सालच्या २१ जूनला पहिला आंतरराष्ट्रीय योगदिन झाला, तेव्हां दिल्लीच्या राजपथावर एकाच वेळीं ३५,९८५ लोकांनीं आसनें केलीं, आणि हा आंकडा विक्रमांच्या पुस्तकांत गेला. २९ ऑगस्ट २०१९ ला, मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनीं, फिट इंडिया चळवळीचा आरंभ झाला. पुढच्या सालीं रोज अर्धा तास व्यायामाचा डोस घेण्याचें यमक लोकांच्या तोंडीं देण्यांत आलें. वसई-विरारमध्यें महानगरपालिकेची महापौर मॅरेथॉन २०११ पासून सुरू झाली, आणि तिच्यामुळें या शहराचें नांव धांवणाऱ्यांच्या जगांत झालें. या हाकांस आमचा विरोध नाहीं. खुर्चीवर दिवस काढणाऱ्या मध्यमवर्गास त्यांची गरज आहे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांची गणती आपल्याच घरांतून सुरू होते. आमचें म्हणणें त्यांच्या भाषेविषयीं आहे.

महाराष्ट्रास व्यायामाची हाक नवी नाहीं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते, तेव्हां त्यांच्या लेखनांत एका गृहस्थाचा आग्रह होता. त्यांनीं स्वतः केलेलें तेंच ते सांगत. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळांत काढले. त्यांतील पसारा कंटाळवाणा वाटला तरी आखाड्यांतल्या वस्तादांची विद्या कागदावर उतरविण्याची त्यांत तळमळ आहे. आजच्या घोषणांत वस्तादही नाहीं आणि गृहस्थही नाहीं. डोस हा शब्दच पाहा. तो दवाखान्यांतून आला आहे. रोगी ठरलेल्या राष्ट्रास मात्रा ठरवून दिली, कीं वैद्याचें काम संपलें. मात्रा न घेतल्यास दोष रोग्याचा. विरारहून चर्चगेटला जाणारी गाडी सुमारें साठ किलोमीटरांचा पल्ला तोडते. दारांत एका पायावर लटकत जो तो पल्ला रोज दोन वेळां काटतो, त्याच्या अर्ध्या तासाचा हिशेब कोणीं करावयाचा? २०११ च्या शिरगणतींत सुमारें बारा लाख वस्तीच्या या शहरांत सकाळीं मोकळ्या जागेचा तुकडा शोधीत फिरणें हाच कित्येकांचा व्यायाम होऊन बसला आहे. नवव्या लेखाची कसोटी येथें लावून पाहावी. चाकराच्या देहाविषयीं या मोहिमेच्या वाङ्मयांत काय आहे? धांवण्याच्या वाटा पहांटे कोण झाडतें, याची दखल कोणत्या यमकांत घेतली आहे?

देहाविषयीं बोलावें कसें याचा एक सुंदर नमुना पाली वाङ्मयांत आहे, आणि तो संयुत्तनिकायांतल्या एका अगदीं लहान सुत्तांत आहे. कोसलचा राजा प्रसेनजित् द्रोणभर भाताचें जेवण करून धापा टाकीत बुद्धापाशीं आला. बुद्धानें त्याला प्रवचन दिलें नाहीं. मिताहारावर एक गाथा म्हटली. राजानें पाठीमागें उभ्या असलेल्या ब्राह्मण तरुणास ती पाठ करावयास लावली, आणि रोज जेवणाच्या वेळीं ती म्हणून दाखविण्याबद्दल शंभर कार्षापण देऊं केले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. देह हलका झाला, आणि आपल्या अंगावरून हात फिरवीत तो आनंदानें म्हणाला कीं भगवंतानें या लोकींचें आणि परलोकींचें अशीं दोन्ही हितें साधून दिलीं. या कथेंतील विनोद मुद्दाम चाखण्यासारखा आहे. राजाला सुद्धां आपल्या जिभेस आवर घालण्यास पगारी माणूस लागतो! तरी कथाकार त्याची थट्टा करीत नाहीं. अंगावरून फिरणारा तो हात त्यानें मोठ्या मायेनें चितारला आहे. अंगुत्तरनिकायांत चंक्रमणाचे, म्हणजे नेमानें फेऱ्या घालण्याचे, पांच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद, श्रमाची ताकद, निरोग, अन्नपचन, आणि फेऱ्या घालतांना साधलेली समाधि टिकून राहणें. चार लाभ कोणत्याही व्यायामशाळेच्या भिंतीवर शोभतील. पांचवा मात्र तेथें कोणी लिहिणार नाहीं. आणि जो सोण भिक्षु पाय रक्तबंबाळ होईतों चंक्रमण करीत राहिला, त्याला बुद्धानें वीणेच्या तारांचा दाखला देऊन समजाविलें आणि वहाणा घालण्याची मोकळीक दिली. विक्रमाच्या मागें लागलेल्या देहास वहाण देणारा गुरु आम्हांस फार मोठा वाटतो.

असें असतां बुद्धाच्या शिकवणीनें राष्ट्राचे बाहू लुळे पडले, हा आक्षेप महाराष्ट्रांत घट्ट रुजला आहे. त्याचें सर्वांत समर्थ वाङ्मयीन रूप म्हणजे सावरकरांचें संगीत संन्यस्त खड्ग हें १९३१ चें नाटक. शाक्यांचा सेनापति विक्रमसिंह बुद्धाच्या उपदेशानें खड्ग ठेवून भिक्षु होतो, आणि कोसलांची धाड आली असतां तेंच खड्ग पुन्हां उचलतो. नाटकाला जोर आहे, संवादांना धार आहे, आणि शाक्यांच्या संहाराची कथा बौद्ध परंपरेंतही आहे, तेव्हां नाटककारानें प्रश्न हवेंतून आणलेला नाहीं. वसईसारख्या ठिकाणीं, जेथें १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं पोर्तुगीजांचा कोट घेतला, तेथें हा प्रश्न श्रोत्यांच्या मनास भिडणारच. आमची तक्रार इतकीच, कीं नाटकांत शक्ति आणि खड्ग हे समानार्थी शब्द होऊन बसले आहेत. हातांतलें शस्त्र गेलें कीं माणसाजवळ कांहीं उरत नाहीं, हें गृहीत धरूनच वादाला सुरुवात होते. मग निकाल ठरल्यासारखाच.

याला मराठी मनानें दिलेलीं उत्तरें दोन. धर्मानंद कोसंबी यांनीं पाली ग्रंथ मुळांतून वाचून भगवान बुद्ध लिहिलें, आणि बोधिसत्त्व या १९४५ च्या नाटकांत शाक्य-कोलियांच्या तंट्यास गृहत्यागाचें कारण म्हणून उभें केलें. नाट्य या दृष्टीनें ती कृति सावरकरांच्या नाटकापुढें फिकी आहे, हें मान्य केलें पाहिजे. कोसंबींचा पिंड नाटककाराचा नव्हता. पुढें डॉ. आंबेडकरांच्या १९५७ सालीं, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथांत तोच प्रसंग सभागृहांत नेलेला आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून युद्ध पुकारावें असा ठराव सेनापति मांडतो. तरुण सिद्धार्थ भर संघांत त्यास विरोध करतो, मतांत हरतो, आणि त्याचे परिणाम स्वतःच्या अंगावर घेतो. येथें गृहत्याग म्हणजे पळून जाणें नव्हे. ज्या लेखकानें १९२७ सालीं महाडास पाण्यासाठीं लोकांना चालत नेलें, त्याच्या हातून पाण्याच्या तंट्याचा हा प्रसंग इतका सजीव उतरला यांत नवल नाहीं. शिवाय अहिंसा हें तत्त्व आहे, ठोकळेबाज नियम नव्हे, मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत भेद आहे, हें त्यांनीं स्पष्ट मांडलें. त्यामुळें संन्यस्त खड्गाचा अर्धा वाद तेथेंच मिटतो.

उरलेल्या अर्ध्याला सोपाऱ्याच्याच पूर्णाची कथा उत्तर देते. पालींतील कथेंत सुनापरांताचे लोक दांडगे, शिव्या देतील, हात उगारतील, दगड मारतील, दंडा घालतील, शस्त्र चालवतील, जीव घेतील, अशा चढत्या प्रश्नांना पूर्ण शांतपणें उत्तरें देतो. ही संवादाची शिडी प्रसिद्धच आहे, आणि ती वाचून पुष्कळांस पूर्ण दुबळा वाटतो. पण दिव्यावदानांत, जेथें पूर्ण हा शूर्पारकाचा व्यापारी आहे, पुढचा प्रसंग आहे तो पाहावा. एक पारधी शिकारीस निघालेला असतो. वाटेंत मुंडित भिक्षु दिसला, हा अपशकुन झाला, असें वाटून तो धनुष्य कानापर्यंत ओढतो. पूर्ण अंगावरचें वस्त्र बाजूस करून पोट उघडें करतो आणि म्हणतो, कीं हें भरतां भरत नाहीं म्हणूनच मला येथें यावें लागतें, मारावयाचें तर येथें मार. मृगया, मंगल-अमंगलाची समजूत, आणि देह, असे आमचे तिन्ही विषय त्या एका क्षणीं एकत्र आले आहेत! आणि पूर्णाचें बोलणें किती घरगुती आहे. तो आत्म्याच्या अमरत्वाची गोष्ट काढीत नाहीं; पोटाची काढतो. पारध्याचें पोट आणि भिक्षूचें पोट सारखेंच रिकामें होतें, हें दोघांसही ठाऊक असतें, म्हणून धनुष्य खालीं येतें. तणावल्या बाणासमोर असा उघडा उभा राहणारा देह लुळा कसा म्हणावा? दंड-बैठकांनीं तो घडत नाहीं हें खरें. पण भित्र्या देहांतून तो घडत नाहीं हेंही तितकेंच खरें.

वैशाखी पौर्णिमेस आज या स्तूपापाशीं दूरदूरचे बौद्ध स्त्रीपुरुष पांढऱ्या वस्त्रांत जमतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर हा उत्सव महाराष्ट्रांत हजारों घरांचा झाला. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्यांनीं धुतलेलें पांढरें वस्त्र नेसून ताठ मानेनें चालणें यालाही आम्ही देहाचा संस्कारच समजतों, आणि कोणत्याही कवायतीपेक्षां तो जुना आणि कठीण आहे. त्या दिवशींच्या भाषणांविषयीं मात्र आम्हांस तितकें समाधान नाहीं. ध्वनिक्षेपकावरून बुद्धाचें नांव जितक्या वेळां येतें तितक्या वेळां त्याची एखादी कथा येत नाहीं. आणि फलकांवर पुढाऱ्यांचीं चित्रें बुद्धाच्या चित्राहून मोठीं असतात. हा दोष कांहीं या एकाच उत्सवाचा नव्हे. गणेशोत्सव असो कीं शिवजयंती, तेथेंही तो पाहून घ्यावा. इतर शेजाऱ्यांनीं या गर्दीकडे वाहतुकीचा खोळंबा म्हणून पाहावें आणि पुढच्याच महिन्यांत योगदिनाच्या गर्दीकडे राष्ट्रकार्य म्हणून पाहावें, हा दुजाभाव आम्हांस त्याहून अधिक खटकतो.

सोपाऱ्याचे दोन्ही तुकडे मुंबईस गेले; त्यांतला नववा छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. काळ्या दगडावरचीं तीं अक्षरें पाहतांना एक गोष्ट लक्षांत येण्याजोगी आहे. हें मंगल चांगलें, हें करावें, असें लोकांस कोणीं सांगावें, याचीही यादी नवव्या लेखांत दिलेली आहे. तींत महामात्र नाहीं, राजदूत नाहीं, नगारा नाहीं. बापानें सांगावें, मुलानें सांगावें, भावानें, धन्यानें, मित्रानें सांगावें. आणि शेवटीं, शेजाऱ्यानें सुद्धां.